कागद नसताना ‘पेपर जॅम’: घरच्या प्रिंटरचे सेन्सर आणि स्क्रीन स्वतः दुरुस्त करताना

जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्न भरायची घाई, टेबलावर चार क्लायंटच्या फायली आणि प्रिंटर म्हणतोय ‘पेपर जॅम’. ट्रे बाहेर काढला, मागचं दार उघडलं, टोनर काढून आत टॉर्च मारला. कागदाचा कपटाही नव्हता. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने मशीन न बघताच सांगून टाकलं, “मॅडम, लॉजिक कार्ड गेलं असणार. त्यापेक्षा नवीनच घ्या.” रात्री जेवणं उरकल्यावर मीच खोलून बसले. काळ्या प्लॅस्टिकची करंगळीच्या नखाएवढी एक जीभ आत लोंबत होती. तिला धरून ठेवणारी बारीक स्प्रिंग खाचेतून निसटली होती. चिमट्याने ती जागेवर बसवली आणि मशीन सुरू झालं. तो प्रिंटर अजून चालतोय.

प्रिंटर दाखवतो तो संदेश म्हणजे सेन्सरने दिलेली साक्ष असते. साक्षीदाराच्या डोळ्यात कचरा गेला की साक्ष चुकते, आणि आपण मात्र नसलेला कागद शोधत बसतो. म्हणून आधी कोणता सेन्सर बोलतोय ते ओळखायचं आणि मगच स्क्रू फिरवायचा.

सेन्सरला दिसतं तरी काय?

घरगुती प्रिंटरमधले बहुतेक सेन्सर एकाच घराण्यातले असतात. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा नखाएवढा काळा तुकडा. त्याच्या एका बाजूला इन्फ्रारेड प्रकाश सोडणारा एलईडी, समोरच्या बाजूला तो टिपणारा फोटोट्रान्झिस्टर आणि मधल्या फटीत खालीवर होणारी प्लॅस्टिकची जीभ. मेकॅनिक मंडळी तिला फ्लॅग किंवा लिव्हर म्हणतात. कागद आला की तो जिभेला ढकलतो आणि फटीतला प्रकाश अडतो किंवा मोकळा होतो. कागद पुढे गेला की स्प्रिंग जिभेला परत आणते.

लॉजिक कार्ड, म्हणजे प्रिंटरचा मुख्य सर्किट बोर्ड, वेळही मोजत असतं. रोलर फिरल्यापासून ठरावीक वेळात जीभ हलली नाही, तर कागद आलाच नाही. हलली पण वेळेत परत आली नाही, तर कागद अडकला. सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडून ‘बायपास’ करण्याचा सल्ला देणारे खूप भेटतात. कागदाच्या सेन्सरला तो लागू पडत नाही तो याचमुळे. कायम ‘कागद आहे’ असं सांगणारा सेन्सर म्हणजे कार्डाच्या लेखी कायमचा जॅम.

यातला इलेक्ट्रॉनिक भाग क्वचितच मरतो. निसटते ती स्प्रिंग, मोडते ती जीभ आणि भरते ती फट. फटीत कागदाची भुकटी, टोनरची पूड, झुरळांची घाण, काहीही निघतं. आमच्याकडे कोकणात एकदा पालीचं अंडं निघालं होतं.

खोलण्याआधी कान द्या

प्रिंटर बंद करा, प्लग काढा, मिनिटभराने पुन्हा लावा आणि चूक नेमकी कधी येते ते ऐका. निम्मं निदान इथेच होतं.

मोटर फिरायच्या आधीच किंवा सुरुवातीच्या घरघरीनंतर लगेच ‘जॅम’ आला, तर कुठली तरी जीभ दाबलेल्या अवस्थेत अडकली आहे, किंवा तिच्याखाली कागदाचा तुकडा आहे. लेझर प्रिंटरमध्ये अशा जिभा साधारण दोन ठिकाणी असतात: एक टोनर काढल्यावर कागदाच्या वाटेवर दिसते आणि दुसरी फ्यूजरच्या (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) पुढे, कागद बाहेर पडतो तिथे. दुसरी सहज नजरेला पडत नाही, त्यामुळे बहुतेकांच्या तपासातून तीच सुटते.

कागद आत ओढला जातो आणि मग अर्ध्यात थांबून ‘जॅम’ येतो का? थांबलेला कागद कुठे आहे ते बघा. कागदाचं टोक जिथपर्यंत पोचलं, त्याच्या आसपासची जीभ किंवा रोलर संशयित.

ट्रेमध्ये कागद असून ‘कागद नाही’ आलं, तर रोलर फिरला का ते ऐका. तो फिरून कागदावर घसरत असेल तर सेन्सरला दोष देऊ नका. ट्रेतला कागद उचलणारा पिकअप रोलर गुळगुळीत झालाय. ओल्या फडक्याने पुसा, तेवढ्याने भागलं नाही तर रोलरचं रबर बदला. रोलर फिरायच्या आधीच नकार आला, तर ट्रेजवळची जीभ बघा. पावसाळ्यात मी आधी नवं कोरडं रिम फोडून बघते. दमट कागद एकमेकांना चिकटतो आणि दोन-तीन कागद एकदम आत जातात.

इंकटँक प्रिंटरमध्ये ‘खट्... धाड’ असा आवाज येऊन कॅरेज (छपाईचं डोकं डावीउजवीकडे नेणारा गाडा) भिंतीवर आपटलं, तर गोष्ट वेगळी. त्यासाठी एन्कोडर पट्टी, तिच्याकडे पुढे वळूच.

आणखी एक साधी तपासणी: प्रिंटर खिडकीशी असेल आणि चूक ठरावीक वेळेलाच येत असेल तर पडदा ओढून बघा. थेट उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. उघड्या झाकणातून तो आत पोचला तर सेन्सरचा गोंधळ उडू शकतो.

हत्यारं आणि खबरदारी

चुंबकी टोकाचा मधल्या आकाराचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, बारीक चिमटा, टॉर्च, मऊ ब्रश, चष्मा पुसायचं कापड, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर. शेवटचं म्हणजे बॅटरीत घालायचं पाणी, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. मल्टिमीटर असेल तर उत्तम. स्क्रू ठेवायला मी जुनं इडलीपात्र वापरते: पहिल्या खळग्यात पहिल्या झाकणाचे, दुसऱ्यात दुसऱ्याचे. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो आत एखादी वायर भोसकू शकतो, म्हणून हा खटाटोप.

प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या वर भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. पॉवर सप्लायच्या कार्डाला हात लावायची गरज या दुरुस्तीत नाही, लावूही नका. लेझर प्रिंटरचा फ्यूजर दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापतो, त्यामुळे अर्धा तास थांबा. टोनरचं काडतूस काढलं की जाड कापडाखाली झाका. त्याच्या ड्रमला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या नळीला, उजेड मानवत नाही.

आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. स्प्रिंगचं कोणतं टोक कोणत्या खाचेत होतं हे दोन तासांनी आठवत नाही.

जीभ आणि स्प्रिंग

एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही आपल्याकडे घरोघरी, झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलावर दिसणारी जोडी आतून बरीचशी सारखी आहे. काडतूसही एकाच आकाराचं. यांना स्क्रीन नाही. पहिल्यावर फक्त दिवे लुकलुकतात, दुसऱ्याची तक्रार संगणकावरच्या खिडकीत दिसते. उदाहरणादाखल असा छोटा लेझर डोळ्यासमोर ठेवते, बाकीच्यांत जागा बदलते पण रीत तीच.

काडतूस काढा. टॉर्च तिरका धरून कागदाच्या वाटेवरून नजर फिरवा. गुळगुळीत वाटेतून वर आलेली काळी किंवा पांढरी जीभ दिसेल. चिमट्याच्या बोथट बाजूने ती कागद जातो त्या दिशेने हलकेच ढकला आणि सोडा. ती टुणकन परत आली पाहिजे. रेंगाळत आली, अर्ध्यात थांबली किंवा ढिली लोंबली, तर दोष सापडला.

रेंगाळत असेल तर बिजागरीत घाण आहे. ब्रशने पूड झटका, अल्कोहोलने ओलावलेला कापूस बिजागरीवर फिरवा, वाळू द्या. तेल मात्र घालू नका. तेलावर टोनरची पूड बसते आणि महिन्याभरात तिचा डांबरासारखा थर होतो. मी एकदा शिवणयंत्राचं तेल घातलं होतं आणि पुढे एक रविवार ते काढण्यात गेला.

लोंबत असेल तर स्प्रिंग सुटली आहे. ती वळणाची स्प्रिंग असते: एक पाय चौकटीला टेकतो, दुसरा जिभेला. ती हातातून उडाली तर शोधणं मुश्कील, म्हणून काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा. वेडगळ वाटतं, पण उपयोगी आहे.

मोडलेल्या जिभेची दुरुस्ती जरा नाजूक. बहुधा फटीत शिरणारं टोकच तुटतं. तुटलेला तुकडा हाताशी असेल तर चिकटवा, नाही तर जुन्या प्लॅस्टिक कार्डातून (एटीएम कार्डासारख्या) त्याच मापाची पट्टी कापा. इथे दोन सापळे आहेत. पहिला, काही काळी प्लॅस्टिकं डोळ्याला अपारदर्शक दिसतात पण इन्फ्रारेड त्यांतून आरपार जातो. टीव्हीच्या रिमोटसमोर पट्टी धरून चॅनल बदलून बघा. बदलला तर ती पट्टी निरुपयोगी. दुसरा, फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ आसपासच्या प्लॅस्टिकवर पांढुरकी साय धरते. ती सेन्सरच्या काचेवर बसली तर पहिल्यापेक्षा वाईट अवस्था. जीभ बाहेर काढूनच चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या.

जीभ ठणठणीत असेल तर फट साफ करा. जिभेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलात की ‘यू’ सापडेल. त्यासाठी बऱ्याचदा बाजूचं झाकण काढावं लागतं. ब्लोअरने हवा मारा, मग अल्कोहोलमध्ये बुडवून पिळलेली कापसाची पातळ वात दोन्ही आतल्या बाजूंना फिरवा.

तरीही जमलं नाही तर मीटर

पुढचं काम प्रिंटर चालू ठेवून करायचं आहे. सेन्सरची वायर पॉवर सप्लायपासून लांब असेल आणि मीटर वापरायची सवय असेल तरच करा. लेझर प्रिंटरमधली लेझरची पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडायची नाही.

आधी फुकटची चाचणी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून सेन्सरच्या फटीकडे बघा. एलईडी जिवंत असेल तर बारीक जांभळट-पांढरा ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्याने बघा, काही मागच्या कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड अडवणारी काच असते. तुमचा फोन या कामाचा आहे की नाही, हे आधी रिमोटवर तपासून घ्या.

छोट्या सेन्सर-बोर्डाला बहुधा तीन वायरी असतात: पुरवठा, ग्राउंड, आउटपुट. मीटरचं काळं टोक ग्राउंडला आणि लाल टोक आउटपुटला लावून जीभ हलवा. आकडा शून्याजवळून ३.३ किंवा ५ व्होल्टच्या आसपास उडी मारायला हवा. उडी मारत असेल तर सेन्सर निर्दोष, केबलचं पुढचं टोक तपासा. ठिपका दिसतो पण आकडा हलत नाही, तर फोटोट्रान्झिस्टर गेला किंवा अजून घाण आहे. ठिपकाच दिसत नाही, तर पुरवठा येतोय का बघा. येत असेल तर एलईडी गेला.

नवा सेन्सर म्हणजे चार पायांचा सुटा भाग, वडापावच्या किमतीच्या आसपास मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली ही नेहमीची ठिकाणं. जुना तुकडा बरोबर घेऊन जा आणि फटीची रुंदी व पायांमधलं अंतर जुळवून घ्या. सोल्डरचा डाग देताना पाय उलटे लावू नका. बोर्डावरच्या कोपऱ्याच्या खुणेचा फोटो इथे कामी येतो.

एन्कोडर पट्टी: आपटणाऱ्या कॅरेजचं औषध

इंकटँक प्रिंटरमध्ये कॅरेजच्या मागे डावीकडून उजवीकडे ताणलेली एक पारदर्शक, राखाडी झाक असलेली पट्टी असते. ती साधी वाटते, पण तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या उभ्या रेघा छापलेल्या असतात, एका इंचात साधारण १५० ते १८०. कॅरेजवरचा सेन्सर जाता जाता त्या मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. पट्टीवर शाईचा शिंतोडा किंवा ग्रीसचा डाग पडला की मोजणी चुकते, कॅरेजला भिंत कुठे आहे ते कळत नाही आणि ते धाडकन आपटतं. कॅननच्या प्रिंटरमध्ये ५१०० हा क्रमांक कॅरेजच्याच तक्रारीचा. नव्याने बाटलीतून शाई भरल्यावर, किंवा कुणी उत्साहाने दांडीला ग्रीस लावल्यावर ही तक्रार बऱ्याचदा येते.

प्रिंटर चालू करा आणि कॅरेज जागेवरून सुटून मधे आलं की प्लग काढा. आता ते हाताने सरकतं. या अवस्थेत छपाईची नोझल उघडी असतात आणि वाळतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटांत काम उरका.

पट्टी ओळखताना घोटाळा करू नका. दातेरी रबरी पट्टा म्हणजे बेल्ट, चकचकीत पोलादी दांडी म्हणजे कॅरेजचा रूळ. आपल्याला हवी ती या दोघांच्या आसपासची पातळ पारदर्शक पट्टी. चष्म्याचं कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं करा, पट्टी दोन बोटांच्या चिमटीत कापडासकट धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने ओढा. कापडाची जागा बदलत दोन-तीनदा. मग कोरड्या कापडाने एकदा. उघड्या बोटांचा स्पर्श नको. अल्कोहोल इथे वापरू नका, काही पट्ट्यांवरच्या रेघा त्याने पुसल्या जातात आणि मग पट्टीच बदलावी लागते.

शक्यतो पट्टी न काढताच पुसा. काढावीच लागली तर एका टोकाची स्प्रिंग आणि पट्टीची वरची बाजू कोणती, याचा फोटो घ्या. परत बसवताना ती कॅरेजवरच्या सेन्सरच्या फटीतून गेलीच पाहिजे. फटीबाहेरून गेली तर कॅरेज पहिल्याच फेरीत पुन्हा आपटेल आणि तुम्हाला वाटेल की सेन्सर गेला. ही चूक मी केलेली आहे, दोनदा.

बाजूला कागद ओढणाऱ्या रोलरवर अशाच रेघांची एक चकती असते. छपाईत आडवे पट्टे येत असतील किंवा कागद वेडावाकडा सरकत असेल, तर तीही त्याच पद्धतीने पुसा.

झाकण बंद असून ‘झाकण उघडं’

झाकणाच्या कडेला एक छोटं टोचण असतं. ते चौकटीतल्या भोकात शिरून आतला स्विच दाबतं. बहुधा टोचण झिजतं किंवा मोडतं. भोकात काडीने हलकेच दाबून बघा. तक्रार गेली तर टोचणच दोषी, त्यावर प्लॅस्टिकचा एखाद मिलिमीटरचा तुकडा चिकटवला की काम भागतं. लेझर प्रिंटरचा हा स्विच तारेने कायमचा जोडून मात्र ठेवू नका. दार उघडल्यावर लेझर आणि उच्च दाबाची वीज बंद करणारा तोच असतो.

स्क्रीन

स्क्रीन गेला म्हणजे प्रिंटर गेला असं नाही. नेटवर्कला जोडलेला प्रिंटर असेल तर त्याचा आयपी पत्ता राउटरच्या यादीतून शोधून ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक सेटिंगं तिथून करता येतात. कितीतरी लोक काळ्या स्क्रीनचा प्रिंटर वर्षानुवर्षं असाच वापरतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर फक्त छपाईच करत असाल तर स्क्रीनच्या दुरुस्तीवर पैसे घालवायची गरज नाही. स्कॅन आणि कॉपी रोजची असेल तर पुढे वाचा.

खोली अंधारी करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर स्क्रीन शाबूत आहे, मागचा दिवा गेलाय. नुसता पांढरा उजेड आहे, अक्षरं नाहीत, तर माहिती पोचत नाही, म्हणजे दोष बहुधा रिबन केबलचा (स्क्रीनला कार्डाशी जोडणारी पातळ सपाट केबल). दोन ओळींच्या जुन्या स्क्रीनमध्ये काही उभ्या रेघा किंवा अर्धी अक्षरं गायब असतील, तर काचेखालची रबरी पट्टी मळलीय. पट्टी आणि काचेची कड अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवा. स्पर्शच चालत नसेल किंवा न स्पर्शता बटणं दाबली जात असतील, तर चौकट आणि काच यांच्यातल्या फटीत जाडसर कागदाचा कोपरा फिरवा. तिथे अडकलेली कणी स्क्रीनला सतत दाबत राहते.

रिबनची दुरुस्ती अशी. पॅनेलच्या खालचे स्क्रू काढा, कडेच्या खुंट्या जुन्या प्लॅस्टिक कार्डाने सोडवा. पॅनेल झटक्यात उचलू नका, रिबन आखूड असते. कनेक्टरची कुलूपपट्टी दोन प्रकारची: वर उचलायची किंवा बाहेर सरकवायची. नखाने, अंदाज घेत सोडवा. ती मोडली तर कार्डच बदलावं लागतं. रिबन सरळ बाहेर काढा, तिच्या टोकाचे धातूचे पट्टे पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने एकदाच हलके घासा, अल्कोहोलने पुसा, काटकोनात परत बसवा, कुलूप लावा. निम्म्या वेळा एवढ्यानेच स्क्रीन उजळतो. झाकणासोबत वरखाली होणाऱ्या पॅनेलची रिबन घडीवर चिरते. मीटर सातत्याच्या (कंटिन्युइटी) खुणेवर ठेवून एकेक पट्टा दोन्ही टोकांना तपासा.

नवी रिबन घेताना चार गोष्टी जुळवा: पट्ट्यांची संख्या, दोन पट्ट्यांमधलं अंतर (बहुधा ०.५ किंवा १ मिलिमीटर), लांबी, आणि दोन्ही टोकांचे पट्टे एकाच बाजूला आहेत की विरुद्ध. शेवटची गोष्ट चुकली की रिबन बसते पण काही चालत नाही.

काचच तडकली असेल तर त्याच मॉडेलचा भंगारातला प्रिंटर शोधा. नवं पॅनेल मागवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि उरलेले रोलर व जिभा पुढे उपयोगी येतात.

हात कुठे आखडायचा

वॉरंटी चालू असेल तर काहीच उघडू नका. फ्यूजरमधला तापमानाचा सेन्सर स्वतः बदलू नका, तो चुकीचा बसला तर आग लागू शकते. आणि ‘इंक पॅड (वाया गेलेली शाई शोषणारी गादी) भरलं’ ही तक्रार सेन्सरची नसते. प्रिंटर वाया गेलेल्या शाईचा हिशेब आकड्यात ठेवतो आणि पॅड भरलं असं ठरवतो. तिथे जीभ शोधत बसू नका.

सगळं बंद केल्यावर एका पानावर विश्वास ठेवू नका. वीस पानं सलग काढा, प्रिंटर आपोआप दुहेरी छापत असेल तर त्यांतली पाच दुहेरी, कारण अशा छपाईत कागद उलट फिरून येतो आणि एरवी गप्प बसणारी जीभही वापरात येते. वीसही पानं नीट आली की मगच बाजूचं झाकण स्क्रूने घट्ट करा. तोवर ते नुसतं टेकवून ठेवलेलं बरं.